खत्रूड घोडी आणि पिवळे जॅकेट

मी एक म्हातारी घोडी आहे आणि मला माणसे आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेले बरे. आपली कहाणी सांगणारे घोडे मालकाच्या तळहातावर नाक घासतात, अशी तुमची समजूत असेल. मी तशी नाही. मित्रांनो, तुम्हाला मी मित्रांनो म्हणते ते केवळ रीत म्हणून. माझ्या सव्वीस वर्षांत मला मित्र म्हणावे असे कोणी फारसे भेटले नाही, आणि त्यात चूक बहुतेक माझीच होती.

माझे खरे नाव कागदावर आहे. ते लांबलचक आहे आणि कोणी घेत नाही. सगळे मला खत्रूड म्हणतात.

माझा जन्म एका खडकाळ माळावर, घोडे पैदाशीच्या फार्मवर झाला. माझी आई अतिशय तापट होती. तिने मला दोनच गोष्टी शिकवल्या: कान मागे टाकणे आणि वेळेवर लाथ झाडणे. माझ्या डाव्या कानाचे टोक नाही. शेजारच्या घोडीशी गवताच्या पेंढीवरून भांडण झाले तेव्हा ते तिच्या तोंडात राहिले. पेंढी मात्र मी सोडली नाही.

चार वर्षांची झाले तेव्हा मला आताच्या मालकाने विकत घेतले. त्याचे टाइल्स आणि नळ-बेसिनचे दुकान आहे. माणूस उंच, सुकलेला, सतत घड्याळाकडे बघणारा. तो मारकुटा नव्हता. दाणा वेळेवर, खरारा वेळेवर, नाल वेळेवर. पण त्याला जिंकण्याची चटक होती आणि ती माझ्या चार पायांवर भागायची होती.

लांब पल्ल्याची घोडदौड तुम्ही कदाचित पाहिली नसेल. तिथे घोडे चौखूर उधळत नाहीत. सकाळी निघायचे आणि संध्याकाळपर्यंत ऐंशी किलोमीटर कापायचे, वीस वीस किलोमीटरच्या चार फेऱ्यांत. प्रत्येक फेरीनंतर तळावर थांबायचे. तिथे घोड्याच्या छातीला नळी लावून ठोके मोजतात. वीस मिनिटांच्या आत ते मिनिटाला चौसष्टपर्यंत उतरले पाहिजेत. मग डॉक्टर तपासतात. सगळे ठीक असले तरच पुढची फेरी. मी या कामात पटाईत होते. माझे ठोके सहा मिनिटांत उतरायचे. दोनदा मी पहिली आले. पेपरात फोटो आला, त्यात माझा कान मागेच होता.

आणि या दौडीत सगळीकडे असायचे ते पिवळे जॅकेटवाले. स्वयंसेवक. आदल्या दिवशी झाडाझाडाला खुणेच्या फिती बांधणारे तेच. रस्ता ओलांडायच्या जागी झेंडा घेऊन गाड्या अडवणारे, थांब्यावर आमचे नंबर लिहिणारे, पाण्याच्या बादल्या वाहणारे, आमची लीद फावड्याने उचलणारे तेच. दिवसभर उन्हात उभे राहून त्यांना एक टोपी, दोन पाव आणि एक केळे मिळायचे. त्यांना मी तुच्छ मानत होते. पळायचे तर पळावे, नाही तर घरी बसावे. हे काय मध्येच लुडबुड करणे! मालकही त्यांना माणसात मोजत नसे. थांबा दिसला की लांबूनच ओरडायचा, "ओ पिवळे, बादली!" बाकीचे स्वारही काही वेगळे नव्हते. बादली यायला उशीर झाला की खेकसायचे, नंबर चुकला की आई-बाप काढायचे. पिवळे जॅकेटवाले मान खाली घालून ऐकून घ्यायचे.

त्यांच्यात एक बाई होती. तिला सगळे ताई म्हणत. ती वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर तीस वर्षे बसली होती, त्यामुळे शिव्या ऐकणे हा तिचा रोजचाच धंदा होता. ठेंगणी, जाड भिंगांची, चेहरा आंबट. ती माझ्या मालकाची सख्खी मोठी बहीण होती, आणि दोघे नऊ वर्षे एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

माझ्या पाठीवर बसून मालक फोनवर सगळे बोलायचा, म्हणून मला हे ठाऊक आहे. त्यांचे वडील नालबंद होते. मुलगा मोठा झाला, त्याला दुकान वाढवायचे होते. वडील आठ दिवस हॉस्पिटलात होते तेवढ्यात त्याने नाल ठोकायची शेड पाडली आणि वडिलांची ऐरण भंगारवाल्याला देऊन टाकली. बहिणीला ते भंगारवाल्याकडून कळले. वडील घरी आले आणि जिथे शेड होती तिथे वाळूच्या ढिगावर बसून राहिले. त्या दिवसापासून बहिणीने भावाचे तोंड पाहिले नाही. आता तोंड पाहायचे नाही आणि दर वर्षी त्याच दौडीत पाणी घेऊन उभे राहायचे, हा काय प्रकार, असे मला वाटे. पण ती लहानपणापासून वडिलांच्या हाताखाली घोड्यांचे पाय धरत वाढली होती. भाऊ नको असला तरी घोडे तिला हवे होते.

मी चौदा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी ऊन असे होते की दगडाला नाल लागला की पाय भाजे. आदल्या वर्षी एका औषध दुकानदाराने आम्हाला चार मिनिटांनी हरवले होते. मालक ते विसरला नव्हता. त्याने पहिल्यापासूनच मला जास्त पळवले. दुसऱ्या फेरीनंतर माझे ठोके उतरायला अठरा मिनिटे लागली. डॉक्टरबाईने पोटाला नळी लावली, पुन्हा लावली आणि म्हणाली, "आतडी जरा शांत वाटतायत, हे बरं नाही. हळू न्या. पाणी पाजा." मालकाने मान डोलावली. तळाबाहेर पडल्याबरोबर त्याने टाच मारली.

तिसऱ्या फेरीत मला तहानच लागेना. हे वाईट लक्षण असते, पण मला ते कळत नव्हते. मला फक्त राग येत होता. मागच्या पायांत कोणीतरी सिमेंट ओतते आहे असे वाटत होते. बावन्नाव्या किलोमीटरला, उघड्या पठारावर, तिसरा पाण्याचा थांबा होता. तिथे दोघेच होते: ताई आणि एक सलूनवाला. हा सलूनवाला महिन्यातून एकदा आमच्याकडे येऊन माझी आयाळ कापायचा. त्यालाही मी दोनदा चावले होते.

ताईने माझ्यासमोर बादली धरली. मी तोंड फिरवले.

ती भावाकडे न बघता सलूनवाल्याला म्हणाली, "यांना सांगा, घोडी पाणी पीत नाहीये."

सलूनवाला वर बघत म्हणाला, "साहेब, घोडी पाणी पीत नाहीये म्हणतात."

"बाईंना सांगा," मालक म्हणाला, "ती परक्या बादलीतून कधीच पीत नाही."

"ताई, परक्या बादलीतून..."

"ऐकलं मी. यांना विचारा, मघाच्या थांब्यावर प्यायली का?"

"बाईंना सांगा, माझा वेळ जातोय."

सलूनवाल्याची मान टेबलफॅनसारखी इकडून तिकडे फिरत होती. तेवढ्यात ताईने बादली खाली ठेवली, माझा ओठ वर केला आणि हिरडीवर अंगठा दाबला. दाबलेली जागा पांढरी पडते, आणि घोडा ठीक असला तर दोन क्षणांत पुन्हा गुलाबी होते. माझी झाली नाही. ताईने कुशीला कान लावला. मग माझ्या मागच्या मांडीवर हात ठेवला. हात तिथेच थांबला.

तिने नऊ वर्षांत पहिल्यांदा भावाच्या डोळ्यांत पाहिले.

"खाली उतर."

"काय?"

"खाली उतर. हिचं मागचं अंग बघ. लाकूड झालंय."

"तू बादल्या भर. तेवढंच काम दिलंय तुला."

"तेवढंच दिलंय. तरी उतर."

"सूड उगवतेस माझ्यावर? आज? इथे?"

"उगवतेय असं समज. पण उतर."

मालकाने लगाम ओढला. ताईने पुढे होऊन माझ्या तोंडाजवळ लगाम घट्ट धरला. मित्रांनो, आता जे सांगते ते सांगताना मला लाज वाटते. परक्या माणसाने तोंडाजवळ हात आणला, एवढेच मला समजले. मी चावले. खोटे खोटे नव्हे. मनगटाच्या वर, हाडापर्यंत.

"ताई, सोडा! चावरी आहे ती!" सलूनवाला ओरडला.

"माहितीय," ताई म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पण लगाम सुटला नाही. "वॉकीटॉकी घ्या. डॉक्टरांना सांगा, ट्रेलर आणि सलाइन घेऊन या. घोडी एक पाऊलही हलणार नाही म्हणावं."

मालकाने छडी उचलली आणि माझ्या पुठ्ठ्यावर मारली. दहा वर्षांत पहिल्यांदा. मी उसळी घेतली, म्हणजे घ्यायला गेले. पुढचे पाय उचलले गेले, मागचे आलेच नाहीत. मी जागच्या जागी थरथरत उभी राहिले आणि मला लघवी झाली. ती दूध न घातलेल्या कॉफीच्या रंगाची होती.

सलूनवाला म्हणाला, "अहो साहेब, हे काय?"

मालकाने वाकून पाहिले. मग तो हळूच खाली उतरला. लांब जाऊन दगडावर बसला आणि त्याने फोन काढला. मला त्याचे बोलणे ऐकू येत होते. "माझ्या बहिणीने मुद्दाम अडवलं. हो, लेखी तक्रार देणार आहे."

ट्रेलर यायला पन्नास मिनिटे लागली. तेवढा वेळ सलूनवाला बांबूला बांधलेली ताडपत्री माझ्यावर सावलीसाठी धरून उभा होता. ताई एका हाताने माझ्या मानेवर ओला स्पंज फिरवत होती आणि चावलेल्या हाताने लगाम धरून होती. तिच्या पिवळ्या बाहीवरून रक्त ओघळत होते. ती माझ्याशी गोड बोलली असेल असे तुम्हाला वाटते का? मुळीच नाही. "मूर्ख घोडी," ती दातओठ खात म्हणत होती. "मरायचंय का तुला? तुझ्या मालकाला अक्कल नाही, तुला तरी आहे का? हलायचं नाही. खबरदार हललीस तर." पन्नास मिनिटे ती मला बोल लावत होती. मला पुन्हा चावावेसे वाटत होते, पण तेवढे त्राण उरले नव्हते. आणि खरे सांगू? ती बोलायची थांबली की मला भीती वाटायची.

डॉक्टरबाई आली. तिने मला तपासले, मानेत सुई घातली, सलाइनची बाटली सलूनवाल्याच्या हातात दिली. मग विचारले, "हिला थांबवलं कोणी?"

मालक दुसरीकडे बघत राहिला. सलूनवाल्याने हनुवटीने ताईकडे दाखवले.

"तळापर्यंत पळाली असती तर मूत्रपिंडं गेली असती," डॉक्टरबाई म्हणाली. मग तिची नजर ताईच्या हातावर गेली. "अहो, तुम्ही आधी तुमच्या डॉक्टरकडे जा. हाताला टाके पडणार आहेत."

सात टाके पडले. हे मला सलूनवाल्याने पुढच्या महिन्यात आयाळ कापताना सांगितले. तो कात्री चालवताना गप्प बसू शकत नाही, म्हणून पुढचे सारे मला त्याच्याकडूनच कळले.

मालकाने तक्रार दिली होती. नियम असा होता, की स्वाराच्या परवानगीशिवाय स्वयंसेवकाने घोड्याला हात लावायचा नाही. दौड भरवणाऱ्या क्लबच्या कमिटीने ताईला बोलावले. लांब टेबल, पलीकडे पाच जण, अलीकडे ही एकटी, हात गळ्यात बांधलेला. साक्षीला म्हणून सलूनवाला दाराशी उभा.

अध्यक्षांनी विचारले, "तुमचा भावाशी जुना वाद आहे, हे खरं का?"

"आहे."

"म्हणजे हे वैयक्तिक रागातून झालं."

ताई म्हणाली, "हो. राग नसता तर मी त्याचं ऐकलं असतं. बाकीचे स्वार खेकसले की मी बादली ठेवून बाजूला होते. आम्ही सगळेच होतो. गेल्या वर्षी एक घोडा मला बरा दिसत नव्हता. स्वार ओरडला, मी जाऊ दिला. तो घोडा आता लंगडतो. याच्यापुढे मात्र मला दबायचं नव्हतं. म्हणून ही वाचली."

"नियम मोडला हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे."

त्यांनी तिच्याकडून जॅकेट परत मागितले. ताईने ते पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. धुऊन, इस्त्री करून आणले होते. बाहीवरचा डाग तेवढा गेला नव्हता.

मालकाने हे घरी कोणाला सांगितले नाही. त्याने माझ्यावर उपचार केले, औषधे आणली, पण माझ्या डोळ्यांत तो बघत नसे. मला दुकानामागच्या आवारात ठेवले. तिथे फुटक्या टाइल्सचे ढीग आहेत आणि एक कड उडालेला बाथटब आहे, त्यात मला पाणी मिळते. मी दौडीतून बाद झाले. मालकाने एक नवा घोडा आणला. पाच वर्षांचा, देखणा आणि बावळट.

इकडे सलूनवाला स्वस्थ बसला नव्हता. त्याच्या खुर्चीत जो बसेल त्याच्या गालाला फेस लावून तो ही हकिगत सांगायचा. फेस लावलेला माणूस मध्येच उठून जाऊ शकत नाही. पुढच्या वर्षी दौडीला चाळीस पिवळी जॅकेटे लागत होती, आणि आले अकरा जण. क्लबचे लोक म्हणाले, बिघडले कुठे, पाणी तर ठेवायचे आहे! त्यांनी पिंपे भरून पठारावर ठेवली आणि निघून गेले. फिती अर्ध्याच रस्त्याला बांधल्या होत्या. सहा स्वार वाट चुकले. औषध दुकानदाराचा घोडा घळीत उतरला, तीन तास पाण्याशिवाय फिरला आणि तिथेच पडला. तो उठला नाही. ज्या घोड्याने मला चार मिनिटांनी हरवले तोच हा. सलूनवाला सांगत होता तेव्हा मी त्याला चावले नाही. नुसती उभी राहिले.

त्यानंतर अध्यक्ष स्वतः ताईच्या दारात गेले. ताईने त्यांना बसा म्हटले नाही. तीस वर्षे तक्रार खिडकीवर बसलेल्या बाईला लेखी घेतल्याशिवाय चैन पडत नाही. तिने कागद पुढे केला. पाण्याच्या थांब्यावरच्या स्वयंसेवकाला घोडा बरा दिसला नाही तर तो घोडा थांबवील, स्वाराने उतरलेच पाहिजे, आणि हे मान्य असल्याची सही प्रत्येक स्वार दौडीआधी करील. अध्यक्षांनी कागद घेतला. त्या वर्षी सह्या करणाऱ्यांत माझ्या मालकाचे नाव सर्वांत शेवटी होते.

आता गंमत अशी झाली, की नवा घोडा वाटेत पाणी पीत नसे. आवारात मात्र मी बाथटबात तोंड घातले की तोही घालायचा. मालकाने डोके चालवले. दौडीच्या दिवशी त्याने मला पहाटेच ट्रकमध्ये घातले, तिसऱ्या थांब्यावर उतरवले, दोर सलूनवाल्याच्या हातात दिला आणि पंधरा पावलांवर उभ्या असलेल्या बहिणीकडे न बघता निघून गेला. सलूनवाल्याने माझ्या तोंडावरच्या मोरखीला पिवळी फीत बांधली. मला राग आला, पण ती तोंडाने काढता येईना.

त्या दिवशी मी पहिल्यांदा थांब्याच्या या बाजूने दौड पाहिली. स्वार येत होते ते रागावलेलेच येत होते. पाणी कोमट का, सावली का नाही, ही म्हातारी घोडी मध्ये का उभी केली! एकाने मला पायानेच बाजूला ढकलले. उन्हात उभे राहून गुडघे दुखू लागले. पण मी बादलीत तोंड घातले की समोरचा दमलेला घोडाही तोंड घालायचा. पाचवा, अकरावा, विसावा. माझे पोट ढोलासारखे फुगले, तरी मी पीत राहिले.

दुपारी मालक आला. नवा घोडा घामाने निथळत होता. ताई पुढे झाली.

"खाली उतर."

मालक उतरला. तिने घोड्याचा ओठ वर केला, अंगठा दाबला, कुशीला कान लावला. घोडा माझ्या बादलीतून पाणी पिऊ लागला.

"पाच मिनिटं थांबायचं," ताई म्हणाली.

"तीन."

"सात."

मालकाच्या शेजारून दोन स्वार पुढे निघून गेले. तो त्यांच्या पाठीकडे बघत पूर्ण सात मिनिटे उभा राहिला. मग ताईने मान हलवली, तो चढला आणि गेला. त्या वर्षी तो नववा आला. बहीण-भाऊ अजूनही बोलत नाहीत. दर वर्षी एवढेच बोलतात.

मित्रांनो, मी आता फार जगणार नाही. गेली दहा वर्षे मी त्या पठारावर पाणी पीत उभी राहिले, यंदा पाय साथ देतील की नाही ठाऊक नाही. तुम्ही कधी अशा दौडीला गेलात तर जिंकणाऱ्याच्या फोटोत गर्दी करू नका. लांब उन्हात जी माणसे उभी दिसतील त्यांच्याकडे जा. त्यांचे बोलणे गोड नसेल. काळजी करणारा माणूस गोडच बोलतो असे नाही, हे मला फार उशिरा कळले. त्याने थांबा म्हटले तर थांबा. आणि मोठे झालात की वर्षातला एक दिवस तुम्हीच तिथे या. टोपी मिळेल, दोन पाव मिळतील, बोलणी भरपूर खावी लागतील. तरी या. तिथे बादल्या पुष्कळ आहेत, माणसे कमी पडतात.